मागच्या दाराची चार बोटे

पोलादपूरच्या गाडीत तो वाहकाशी भांडला, ही गोष्ट खोटी आहे. मी त्याच्या पुढच्याच बाकावर बसलो होतो. महाडच्या बाजारपेठेत ज्यांनी ती चवीने सांगितली, त्यांच्यापैकी एकही जण त्या गाडीत नव्हता. घडले ते इतकेच. गोधडीत गुंडाळलेले आपले यंत्र त्याने खिडकीपाशी बसवले आणि वाहक आल्यावर एक पूर्ण व एक अर्धे तिकीट मागितले. वाहकाने मूल कुठे आहे म्हणून विचारले, तेव्हा याने गोधडीचे टोक उचलून दाखवले. सामानाला अर्धे तिकीट नसते, असे वाहक म्हणाला. त्यावर हा शांतपणे म्हणाला की सामान पायाशी ठेवतात. हे एका माणसाची जागा अडवून बसले आहे आणि उतरेल तेव्हा तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक पाहून उतरेल. वाहकाने हात जोडले आणि अर्धे तिकीट काढून दिले. आवाज कोणाचाही चढला नाही. चढला असेल तर माझा, कारण मागच्या बाकावर कोणीतरी खिदळले होते.

हा माणूस अडीच वर्षे माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिला. त्याचे नाव मी लिहीत नाही. नाव छापले की चार नवे लोक 'आम्ही त्याला ओळखत होतो' म्हणून उभे राहतील, आणि जुन्यांचाच बंदोबस्त मला अजून करायचा आहे.

वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगाने किडकिडीत. पुण्यात तो अशा एका कंपनीत होता जिथे व्हिडिओ गेमसाठी जागा तयार करतात. गेममधली माणसे पळतात, लपतात, बंदुका झाडतात, त्यांना पायाखाली जमीन लागते आणि आडोशाला भिंत लागते. ती काही जण कल्पनेने रचतात. हा मात्र खरी जागा उचलून आणी. तिपाईवर यंत्र ठेवायचे. ते गरगर फिरत चहूकडे लेझरचा किरण फेकते, किरण जिथे आपटला ते अंतर मोजते आणि तिथे एक ठिपका नोंदते. असे कोट्यवधी ठिपके जमतात. ठिकठिकाणी यंत्र मांडून घेतलेले ठिपके एकमेकांशी सांधायचे, त्यांवर पृष्ठभाग चढवायचा, की संगणकात ती जागा उभी राहते आणि तिच्यात चालता येते. पडक्या गिरण्या, किल्ल्यांचे जिने, कितीतरी जागा त्याने अशा उभ्या केल्या होत्या. "माझ्या जिन्यावर त्यांनी राक्षस बसवले," असे तो सांगे. राक्षसांबद्दल त्याची तक्रार नव्हती. नोकरी त्याने सोडली ती एका कोनाड्यावरून. एका भिंतीचा काही भाग खांबाआड राहिला होता, यंत्राला दिसला नव्हता. वरिष्ठांनी तिथे मनाने एक सुंदर कोनाडा रचला. यंत्राने न पाहिलेला कोनाडा आपल्या भिंतीत आहे, हे याला सहन झाले नाही.

यावर लोक हसतात. मी हसलो नाही. भूमापन खात्यात मी सदतीस वर्षे काढली आहेत. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतला क्वचितच एखादा बांध असेल ज्यावर माझी मोजणीची साखळी पडलेली नाही. जे मोजले नाही ते नकाशात दाखवू नये, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तो पाळणारा माणूस निवृत्तीनंतर माझ्याच घरात भाडेकरू म्हणून यावा, याचे मला अप्रूप वाटले. हे मी त्याला कधी सांगितले नाही, हा माझा स्वभाव.

यंत्राला जे दिसत नाही त्याला तो 'छाया' म्हणे. झाडामागे छाया असते, उघड्या दाराच्या मागे असते, माणूस मध्ये उभा असेल तर त्याच्या पाठीमागेही असते. माझ्या दिवाणखान्यात बसला तरी आधी कोपरे न्याहाळून मग जागा निवडी, म्हणजे आपल्यामुळे कोणाच्या नजरेला छाया पडू नये. माझ्या पत्नीला ही सवय फार आवडे. पाहुण्यांनी टीव्हीसमोर कसे बसावे हे त्याच्याकडून शिकावे, असे ती म्हणे.

पण गेममध्ये पोकळी ठेवून चालत नाही. चालणारा त्यातून खाली पडतो, आणि पडतच राहतो. मग याने तोड काढली. जिथे जिथे छाया, तिथे तिथे त्याने कारवीचा कूड उभा केला, आपल्याकडे परसाला असतो तसा. कूड दिसला की समजावे, याच्या पलीकडचे आम्ही पाहिलेले नाही. 'आळशी माणूस, काम अर्धे टाकून कुंपणे घालतो,' असे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर म्हटले होते. मी त्यांना विचारले की इतिहास शिकवताना आपण किती ठिकाणी कूड घातलात? तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्याने काही अडत नाही.

आता वाडीविषयी.

पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावाच्या वर तासाभराच्या चढावर सहा घरांची एक वाडी होती. तिथे माझी थोरली बहीण राहत असे. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पलीकडे, कमरेत काटकोनात वाकलेली, पण भाताची पेज स्वतःच्या हाताने करणारी. मेहुणे जाऊन बरीच वर्षे झाली. घराच्या मागे डोंगराचा उतार सरळ अंगावर आल्यासारखा. दर पावसाळ्याआधी वाडीला नोटीस येई की सखल जागी राहायला जावे. वाडीतले लोक ती वाचून आढ्याला खोचून ठेवत, आणि सगळे आक्काकडे बघत, कारण वडीलधारे असे तिच्याशिवाय कोणी उरले नव्हते. आक्का हलली नाही की कोणी हलत नसे. तीन वर्षे मी तिच्या विनवण्या करत होतो की पावसाचे चार महिने महाडला ये. तिचे उत्तर ठरलेले: "तुझ्या महाडात नदी घरात येते. माझ्याकडं कोण येत नाय." सावित्रीला पूर आला की पाणी खरेच आमच्या पायऱ्या चढते.

एका चैत्रात मी भाडेकरूला तिच्याकडे जेवायला घेऊन गेलो. जेवण झाल्यावर तो अंगणात बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला की मला ही वाडी हवी. आपल्या स्वतःच्या गेमसाठी. राक्षस नाहीत, बंदुका नाहीत. कापड्याच्या रस्त्यावर माणूस गाडीतून उतरतो आणि वाडीकडे चालू लागतो, एवढाच खेळ. मी विचारले, यात जिंकायचे काय? तो म्हणाला, "अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, काका."

वैशाखात त्याने आठ दिवस वाडी स्कॅन केली. प्रत्येक उंबऱ्याबाहेर चपला काढून 'यंत्र आत आणू का?' असे विचारी, आणि हो म्हटल्यावर घरातल्यांना बाहेर काढी. कारण हलणाऱ्या माणसाचे ठिपके वाऱ्यावरच्या धुरासारखे फरफटत जातात. सगळ्या वाडीत एकच जीव अखंड उतरला: आक्काच्या पडवीत अंड्यांवर बसलेली कोंबडी. "या वाडीत बैठक फक्त हिला आहे," असे तो म्हणाला, आणि ती कोंबडी त्याने गेममध्ये तशीच ठेवली. वाडीच्या लोकांनी त्याला वेड्यात काढले, असे सांगतात. साफ खोटे. त्यांनी त्याला रोज ताक दिले.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला तो संगणक पाठीला मारून वर गेला, आक्काला तिचे घर दाखवायला. मी सोबत होतो. आक्का पडवीत बसली, याने कळा दाबत तिला अंगणातून आत नेले. ती बघत राहिली आणि म्हणाली, हे माझे घर नाय, ह्यात कोणी उंच माणूस राहतो. मला हसू आले. त्याला आले नाही. त्याने माझ्या खिशातला टेप मागितला, आक्काला उभी केली आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजले. तीन फूट आठ इंच. गेममध्ये चालणाऱ्याची नजर साडेपाच फुटांवर असते. का, तर ज्याने पहिल्यांदा ठरवले तो तेवढा असेल. आक्काने पंधरा वर्षांत स्वतःच्या भिंतीचा वरचा भाग धड पाहिला नव्हता. त्याने नजर खाली आणली. पडद्यावर चूल मोठी झाली, उंबरा जवळ आला, जात्याच्या पाळीवरची भेग दिसू लागली.

"आत्ता आली मी घरात," आक्का म्हणाली.

मग ती 'उजवीकडे, डावीकडे' सांगत पडद्यावरचे स्वयंपाकघर ओलांडून मागे गेली आणि कुडावर आपटली. वैशाखात मागच्या भिंतीपुढे, जाण्यापुरता अरुंद बोळ ठेवून, पावसाळ्याची लाकडे रचलेली होती. मागचे दार त्यांच्याआड, म्हणजे छायेत. हा तिला समजावू लागला की यंत्राला दार दिसले नाही. तिने ऐकून घेतले नाही. "यंत्राला नाय दिसला तर यंत्र परत आण. दिवसातनं वीस वेळा मी त्या दारातनं जाते. कूड कसला घालतोस रे माझ्या वाटेत?"

मोठमोठ्या वरिष्ठांपुढे न वाकलेला तो माणूस आक्कापुढे 'होय' म्हणाला. आषाढात दोन दिवसांची उघडीप मिळाली तेव्हा, लाकडे माळ्यावर गेल्यानंतर, तो एकटाच यंत्र घेऊन वर चढला आणि घर पुन्हा स्कॅन करून आला.

आणि इथून पुढे जे घडले त्याचीच सर्वांत जास्त मोडतोड झालेली आहे.

नवे ठिपके जुन्यांशी सांधेनात. पुढचे अंगण जुळले, जांभळीचे खोड जुळले, देवळापुढचा मोठा दगड तंतोतंत जुळला. पण घराची मागची बाजू जुळेना. माझ्या जेवणाच्या टेबलावर संगणक ठेवून तो चार दिवस खटपट करत होता. मागची भिंत चार बोटे पलीकडे दिसे, उंबरा दोन बोटे खाली. मी त्याची यथेच्छ चेष्टा केली. माझ्या साखळीत चार बोटांची चूक निघाली असती तर साहेबांनी मला घरी बसवले असते, असे म्हणालो. पावसात यंत्र भिजले असेल, तिपाई चिखलात खचली असेल, असेही म्हणालो. मग उपाय सुचवला, आणि तो सुचवताना मला आपल्या अनुभवाचा फार अभिमान वाटत होता. मोजणी फिरून मूळ खुंटावर आली आणि थोडी कमी-जास्त भरली, तर आम्ही तो फरक सगळ्या बाजूंवर थोडा थोडा वाटून देत असू. नकाशा जुळतो, कोणाला काही कळत नाही. संगणकातही तशी सोय होती, त्यानेच मला एकदा दाखवली होती.

"चूक वाटून टाक आणि मोकळा हो," मी म्हणालो.

"चूक असेल तर वाटतो, काका. कोणाची आहे ते आधी कळू दे."

त्याने यंत्र माझ्याच घरात लावले. माझा दिवाणखाना दोनदा स्कॅन केला, दोन दिवसांच्या अंतराने. तांदळाच्या दाण्याइतकासुद्धा फरक आला नाही. मी म्हणालो, मग चूक तुझी. तो म्हणाला, असेल. आणि सकाळचा चहा तसाच ठेवून उठला: "मला आक्कांकडे न्या."

लोक सांगतात की त्याने डोंगर सरकतोय हे ओळखले आणि धावत वाडीत जाऊन हाकाटी केली. नाही. त्याने काहीही ओळखले नव्हते, किंवा ओळखले असले तरी त्याच्या तोंडून ते निघाले नाही. वाटेत मी विचारले तेव्हा म्हणाला की मला डोंगरातले काही कळत नाही, मला एवढेच कळते की दोन स्कॅन खरे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मी 'दोन्ही खरे कसे असतील?' असे म्हणून त्याला वेड्यात काढत कापड्यापासून वरपर्यंत चढलो. पंचाहत्तराव्या वर्षी चढण आणि वाद एकाच वेळी मला जमतात.

आक्का पडवीत तांदूळ निवडत होती. त्याने संगणक उघडला, नजर तीन फूट आठ इंचांवर ठेवली आणि तिला घरात नेले. दोन्ही स्कॅन त्याने एकात एक तसेच ठेवले होते, न ओढता, न वाटता. स्वयंपाकघरापर्यंत सगळे एकसंध होते. मागे मात्र दोन भिंती, एकीतून दुसरी डोकावणारी. वैशाखातले दार कुडाआड होते, पण त्याच्या चौकटीचे वरचे टोक लाकडांवर दिसत होते. आणि त्याच्यापासून चार बोटांवर आषाढातले दार, उंबऱ्यासकट, एका अंगाला कललेले.

"ह्या दोन-दोन चौकटी कशाला?"

"एक वैशाखातली, आक्का. एक आत्ताची. मला कळत नाही कुठली खरी. म्हणून तुम्हाला विचारायला आलो."

आक्का सूप खाली ठेवून उठली आणि भिंतीला धरत धरत खऱ्या मागच्या दाराकडे गेली. आम्ही मागोमाग गेलो. तिने दार ओढले. ते अर्ध्यात अडले. तिच्या पुतण्याने त्या महिन्यात त्याला दोनदा रंधा मारला होता. कोपऱ्यात पांढरा भुसा अजून पडलेला होता. पावसात दार फुगते, हे कोकणात सांगावे लागत नाही. दर आषाढात दर घरात रंधा निघतो. आक्काला संशय आला नाही, पुतण्याला आला नाही, जोत्यांच्या मोजणीत आयुष्य घालवलेल्या मलाही, त्या दाराशी उभा राहून, आला नाही.

ती वाकलेलीच होती. तिला आणखी वाकावे लागले नाही. तिने उंबऱ्यावर हात फिरवला.

"लाकूड फुगला का बाजूनं धरतं," ती म्हणाली. "हे खालनं धरतंय. एकाच कोपऱ्यात." मग माझ्याकडे न बघता, "दार फुगला नाय रे. घर निघालंय."

बाहेर पन्हळीचे पाणी पडत होते. मी आता तिची समजूत घालायला तोंड उघडणार, तोच ती भाडेकरूला म्हणाली, "माझ्या आदी निघालं. मग मी कोणाच्या राखणीला थांबू?"

'म्हातारीला टीव्हीचे खेळणे दाखवून फसवून खाली आणले' असे जे म्हणतात, त्यांच्यासाठी हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. ज्याला यात फसवणूक दिसते त्याने माझ्या घरी यावे. आक्का आता माझ्याकडेच राहते, तिच्या तोंडावर सांगावे.

त्याच दुपारी तिने सहाही घरांना हाक दिली. आढ्याची नोटीस काढून पुतण्याच्या हातात दिली. गुरे आधी, मग माणसे, शेवटी टोपलीत ती कोंबडी. संध्याकाळच्या आत सगळे कापड्यात पोचले. अकराव्या दिवशी रात्री उताराने आक्काची मागची खोली, गोठा आणि फणस खाली नेला. माणसाला ओरखडा नाही.

आता शेवटची खोटी गोष्ट. ही मला सर्वांत जड जाते.

पुढे एका समारंभात माझा सत्कार झाला. वक्त्यांनी सांगितले की सदतीस वर्षे या डोंगरांची मोजणी केलेल्या अनुभवी नजरेने चार बोटांचा फरक पाहताच धोका ओळखला, आणि सहा घरे वाचली. टाळ्या झाल्या. माझ्या अंगावर शाल घातली गेली. मी उठून 'हे खरे नाही' असे म्हणायला हवे होते. इतरांच्या प्रत्येक चुकीच्या शब्दाला जागच्या जागी धरणारा मी त्या दिवशी गप्प बसलो आणि मान लववून नमस्कार केला. तिसऱ्या रांगेत भाडेकरू बसला होता. कडेची खुर्ची, म्हणजे मागच्याला छाया पडू नये. तोही टाळ्या वाजवत होता, आणि त्यात उपरोध नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

घरी आल्यावर आक्काने शाल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "चांगली हाय," म्हणाली. "ज्याची त्याला कधी देतोस?"

मी दिली नाही. त्या वर्षी तो खोली सोडून गेला. आता कुठेतरी खाली सिंधुदुर्गाकडे असतो, असे ऐकतो. जाताना आक्कासाठी वाडी एका जुन्या संगणकात घालून गेला. ती दुपारी तीन फूट आठ इंचांवरून घरात जाते, कोंबडीपाशी थांबते, मागच्या दाराशी जाते. दोन्ही चौकटी तिथे तशाच आहेत. त्याने त्या शेवटपर्यंत सांधल्या नाहीत.

गेल्या महिन्यात मी शाल पार्सलने पाठवली, सोबत चार ओळी लिहून. त्याचे उत्तर आले: "शाल पोचली. यंत्राला गोधडीपेक्षा बरी बसते. आक्कांना नमस्कार."

हे सारे लिहून ठेवायचे कारण एवढेच. मी त्याला चूक वाटून टाकायला सांगितली होती, आणि त्याने माझे ऐकले असते तर त्या भिंती एक झाल्या असत्या, नकाशा जुळला असता, आणि आक्का त्या रात्री मागच्या खोलीत निजली असती. ती चार बोटे डोंगराची होती. ती न दिसण्याची चूक मात्र माझी. ती पुरती माझ्याच नावावर लिहावी. कोणी वाटून घेऊ नये.